माझ्या रक्तपिशाचावर पंचवीस अभिप्राय

घासाघीस केल्याशिवाय मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. दुकानाची जागा, सायकल, सोयरीक, सगळं. समोरच्याचा पहिला शब्द खोटा धरून चालायचं आणि दुसऱ्या शब्दावर उठून जायचं नाटक करायचं, एवढीच ती विद्या. नार्वेच्या शेतात गुडघाभर चिखल तुडवणाऱ्या घरातून मी डिचोलीच्या बाजारात दुकानदार झालो तो याच विद्येवर. कुणी हात दिला नाही. दिला असता तर मी तो आधी उलटा-सुलटा करून पाहिला असता.

अशा माणसाची एका सौद्यात फसगत झाली, आणि तीही व्यापाऱ्यांकडून नव्हे, वाचकांकडून. राग अजून गेलेला नाही. तो जाऊ नये म्हणूनच लिहून ठेवतो आहे.

माझं भाड्याने पुस्तकं देण्याचं दुकान होतं. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला घड्याळं दुरुस्त करणारा, मध्ये मी आणि माझी सातशे पुस्तकं. दर गुरुवारी पत्र्याच्या ट्रंकेत पुस्तकं भरून मी बसने पेडण्याच्या बाजाराला जायचो आणि तिथे एका पिंपळाखाली बसायचो. चांगली पुस्तकं माझ्याकडे नव्हती. चांगली पुस्तकं सार्वजनिक वाचनालयात काचेच्या कपाटात होती. कपाटाला कुलूप होतं, किल्ली सेक्रेटरीकडे होती आणि सेक्रेटरी पणजीला होता. माझ्याकडची पुस्तकं म्हणजे मुखपृष्ठावर किंचाळणारी बाई, मागे काळा वाडा, वर लाल अक्षरं. रक्त पिणारे सरदार, आरशात न दिसणारे पाहुणे, बायकोला हळूहळू वेड लावणारे नवरे, आपण खून केला की नाही हेच न आठवणारे प्रोफेसर. बेळगावच्या एका प्रकाशकाकडून मी ती गठ्ठ्याने उचलायचो.

वाचक मात्र सगळे. खाणीवर आलेले कोल्हापूर-बेळगावकडचे कामगार, मामलेदार कचेरीतले कारकून, शिक्षक, नर्सबाई, घरच्या बायका. खाणवाले पुस्तक उघडं काखेत मारून न्यायचे. प्रतिष्ठित लोक वर्तमानपत्रात गुंडाळून मागायचे आणि म्हणायचे, "पुतण्याला हवंय." त्या काळात डिचोली तालुक्यातले पुतणे फार वाचत.

अभिप्रायाची पद्धत मी भांडणातून काढली. लोक पुस्तक अख्खं वाचून परत आणायचे आणि म्हणायचे, "भिकार आहे हो, याचं भाडं कसलं मागता?" मी एक दिवस चिडलो. प्रत्येक पुस्तकाच्या मागे कोरा कागद चिकटवला आणि दोरीला पेन बांधलं. "भिकार आहे ना? का ते लिहा. लिहिल्याशिवाय दुसरं पुस्तक नाही." पेन पाहिल्यावर निम्मे लोक गप्प झाले. उरलेल्या निम्म्यांना चटक लागली.

पुढेपुढे लोक पुस्तक हातात घेतलं की आधी मागचा कागद वाचायचे. एका कादंबरीत नायिकेला आरशात दुसरीच बाई दिसते आणि अडीचशे पानं ती त्या बाईला घाबरते. त्यावर नर्सबाईंनी लिहिलं होतं, "आरसा बदलला असता तर पुस्तक वीस पानांत संपलं असतं." दुसऱ्या एका कादंबरीत खुनी कोण हे शेवटच्या पानावर कळतं. त्यावर कुणा गृहिणीचा अभिप्राय होता, "नवरा खुनी आहे हे मला अकराव्या पानावरच कळलं. बायकोने केलेलं माशांचं हुमण तो एक शब्द न बोलता जेवतो. असा माणूस साधा नसतो." खाणीवरचा एक कोल्हापूरचा फिटर होता. तो प्रत्येक पुस्तकाखाली एकच वाक्य लिहायचा, "बरं हाय, पण मारामारी कमी." आणि आमचे निवृत्त मास्तर. ते लाल पेन घरून आणायचे आणि दहापैकी गुण द्यायचे. सातच्या वर त्यांनी कुणालाच दिले नाहीत.

इतकी रक्तपिशाचं हाताखालून गेल्यावर मला वाटायला लागलं की हे काम मलाही जमेल. जमेल कसलं, मी याहून बरं करीन. या पुस्तकांतली पिशाचं बर्फातून यायची, घोडागाड्यांतून उतरायची. आमच्या माणसाने बर्फ पाहिला आहे तो मासळीच्या पेटीत. मी माझं पिशाच पेडण्याजवळच्या मोपाच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, आणलं. तिथे बसच्या वळणावर एका जुन्या बंगल्याचं जोतं आहे, नुसते चिरे आणि तीन पायऱ्या. त्या जोत्यावर मी बंगला बांधला आणि त्यात पोर्तुगीज काळातला एक परका भाटकार, म्हणजे जमीनदार, ठेवला. दिवसा झोपतो, अंधार पडला की कुळांच्या घरांत शिरतो. मग येतो तरुण डॉक्टर, त्याची नवी बायको. बायकोला हळूहळू भास व्हायला लागतात, हा माझा मानसशास्त्रीय भाग. शेवटी डॉक्टर खैराच्या लाकडाची मेख भाटकाराच्या छातीत मारतो आणि त्याची राख वाऱ्यावर उडते. कोर्टाबाहेर बसणाऱ्या टंकलेखकाकडून मी सगळं टाइप करून घेतलं आणि जाड पुठ्ठ्यात बांधून घेतलं.

घरी बायकोने वाचलं. म्हणाली, "त्या डॉक्टराची बायको स्वयंपाक कधी करते?"

मी बेळगावला गेलो. प्रकाशकाने बाड हातात तोलून पाहिलं, उघडलं नाही.

"गोवेकर, पुस्तक विकत घेणारा माणूस लिहायला लागला की मला धसका बसतो," तो म्हणाला. "तुमच्या दुकानातल्या पुस्तकांमागचे ते अभिप्राय मात्र मी परवा आलो होतो तेव्हा वाचले. तसे आणा. पन्नास अभिप्राय. आणि त्यातल्या दहा जणांनी 'भीती वाटली' असं लिहिलेलं हवं. मग छापतो."

"पन्नास? माझ्या पुस्तकाची प्रत एक. पन्नास जण वाचेपर्यंत पिशाच म्हातारं होईल. पंधरा."

"तीस."

मी उठलो, चपलेत पाय घातला. तो म्हणाला, "बरं, पंचवीस. पण दहा जणांनी घाबरलं पाहिजे."

"तुमच्याच छापील पुस्तकांना दहा जण घाबरत नाहीत. माझ्याकडे कागद आहेत सगळे. दाखवू? एक."

"एक?"

"एकाने भीती वाटली असं लिहिलं तर ते खरं. दहा जणांनी लिहिलं तर ते एकमेकांचं पाहून."

तो हसला, पण मान डोलावली. त्याच्याही दोन अटी होत्या. एक म्हणजे पुस्तक कुणाचं हे वाचकाला सांगायचं नाही. दुसरी म्हणजे अभिप्राय त्याच्या शिक्क्याच्या कागदावर घ्यायचे. पंचवीस चौकोन, प्रत्येकाला क्रमांक, कागद फाडायचा नाही, बदलायचा नाही. "तुम्हाला मी ओळखतो," तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये मी चोर्ल्याच्या घाटात एकटाच हसत होतो. पन्नासाचे पंचवीस आणि दहाचा एक. आयुष्यातला सर्वांत चांगला सौदा केला असं मला वाटलं.

पहिला अभिप्राय मास्तरांचा. त्यांनी पुस्तक चार दिवसांत परत आणलं, चौकोनात मावेल इतक्या बारीक अक्षरात लिहिलं, कागद वाळावा म्हणून फुंकर घातली आणि गेले. मी वाचलं.

"भाटकार कुळांचे रक्त पितो ही कल्पना नवीन नाही. आमच्या आजोबांच्या भाटकाराला त्यासाठी अंधाराची वाट पाहावी लागत नसे. तसेच भाटकाराला मारण्यासाठी डॉक्टर कशाला? कूळकायदा पुरेसा होता. शुद्धलेखन बरे. दहापैकी पाच."

मी कागद हातात घेऊन तसाच बाहेर आलो. मास्तर शिंप्याकडे बटण लावून घेत होते.

"मास्तर, भीती नाही वाटली?"

"कशाची?"

"पिशाचाची हो! बाराव्या प्रकरणात तो खिडकीतून आत येतो."

"खिडकी उघडी ठेवली कुणी? त्या बाईने. म्हणजे चूक तिची. तुम्ही का एवढे तापलात? लेखक तुमच्या नात्यातला आहे का?"

प्रकाशकाची अट आठवून मी दात आवळले. आपल्या पोराला समोर चोप बसावा आणि आपण "कुणाचं आहे हो हे?" म्हणत उभं राहावं, तसं माझं झालं. असं चोवीस वेळा झालं.

फिटरचं मी आधीच गोड बोलून ठेवलं होतं. "यात मारामारी भरपूर आहे, नीट वाच." त्याने परत आणलं तेव्हा तोंड वाकडं.

"मालक, ह्यो कसला राक्षस म्हनायचा? खैराची मेख छातीत घालत्यात आन् हा गडी झोपून ऱ्हातोय. आमच्या गावचा येताळ आसता तर मेख काढून डॉक्टरच्याच..."

"ते जाऊ दे. रात्री वाचताना दचकलास की नाही?"

"रात्री कुठं वाचतोय. दुसऱ्या पाळीला हाय मी. दुपारी वाचलं, जेवताना."

"मग घाबरलास की नाही?"

"जेवताना कोन घाबरतंय?"

त्याने लिहिलं, "बरं हाय. मेख मारायला दोन मानसं पायजे हुती, एकट्याचं काम न्हाई."

त्याच दिवसांत राजभाषेचं आंदोलन पेटलं. आज कोकणीवाल्यांचा मोर्चा, उद्या मराठीवाल्यांचा. रस्त्यात टायर, बस बंद, दुकानं अर्ध्या फळीवर. बाहेर जाता येत नाही म्हणून लोक वाचत बसले. माझा धंदा वाढला आणि माझ्या पिशाचाचं वाटोळं झालं. आठव्या चौकोनात एका तरुणाने लिहिलं, "हा भाटकार शंभर वर्षं पेडण्यात राहतो आणि शुद्ध मराठी बोलतो. हे अशक्य आहे. तो कोकणीच बोलेल." नवव्या चौकोनात कुणीतरी खडसावलं, "पिशाच देवळाबाहेर उभं राहून कीर्तन ऐकत असणार. मराठी येणारच." दहावा म्हणाला, "पोर्तुगीज काळातला आहे तर त्याला दोन्ही येत नसणार. लेखकाने अभ्यास करावा." अकरावा कुणी शहाणा होता. "मेल्यावर तरी माणसाला भाषेवरून छळू नये."

आठवा आणि नववा एक दिवस दुकानात समोरासमोर आले. दोघांनी कागद दोन टोकांना धरला. मी फळीवरून उडी मारून दोघांच्या मनगटांवर हात टाकले.

"फाटला तर दोघांनाही आत टाकीन!"

"कुठे आत?"

"ट्रंकेत!"

कागदाचा कोपरा गेलाच. भीती मात्र अकरा जणांपैकी एकालाही वाटली नव्हती. एवढा दंगा चालला होता बाहेर, लोक काठ्या घेऊन फिरत होते, आणि वाचकाला म्हणे माझा भाटकार सौम्य वाटत होता.

आता पेडण्याच्या बायबद्दल सांगतो. ती बालवाडी चालवायची. चाळिशीची बाई, अंगाने किरकोळ, पण बाजारात तिने भाजीवालीकडे नुसतं पाहिलं की भाजीवाली जुडीत दोन काड्या वाढवायची. दर गुरुवारी पिंपळाखाली माझ्याकडे यायची, आठवड्याचं एक पुस्तक न्यायची, आणि तिचा अभिप्राय वाचून पेडण्यातले बाकीचे वाचक पुस्तक घ्यायचं की नाही ते ठरवायचे. बारावा चौकोन मी तिच्यासाठी राखला होता. पुढच्या गुरुवारी ती आली. पुस्तक माझ्या ट्रंकेवर आपटलं.

"भाऊ, हें पुस्तक कोणे बरयलां?"

"कुणी लिहिलं ते माहीत नाही. का? चांगलं नाही?"

"पुस्तक बरें आसा. बरोवपी पिसो आसा."

"लिहिणारा वेडा कसा?"

"गावात नवो मनीस येता. परको. सड्यार रवता. ताचें गाऱ्हाणें कोणे घातलें? वर्साचो मान कोणे दिलो? कोणेच ना. मागीर तो उपाशी रवतलो काय?"

"अगो बाय, तो रक्त पितो!"

"मागीर? तुमी ताका दुसरें कितें दिलें?"

त्या 'तुमी'त मी कसा आलो ते मला कळलं नाही.

आमच्याकडे गावच्या शिवेवर देवचार असतो. खांद्यावर घोंगडी, हातात दांडा, शीव राखत फिरतो. वर्षाकाठी गाऱ्हाणं घालून, म्हणजे विनवणी करून, त्याला रोट म्हणजे जाड भाकरी, विडी, थोडी दारू, ऐपत असेल तर कोंबडा. हा त्याचा मान. तो चुकला की देवचार त्रास देतो, आणि त्रास दिला तर दोष देवचाराचा नसतो, मान चुकवणाऱ्याचा असतो. हे मीही लहानपणापासून ऐकत आलो. पण मी लिहिलं होतं ते रक्तपिशाच होतं! खास परदेशी पद्धतीचं, कॉलरचा काळा झगा घातलेलं. त्याला ही बाई कोंबडा द्यायला निघाली होती.

तिने लिहिलं, "पिशाचाची चूक नाही. गावाने मान दिला नाही म्हणून तो लोकांना लागला. डॉक्टरच्या बायकोला भास होत नव्हते, तो तिच्याकडे गाऱ्हाणे करीत होता, कारण घरात ऐकणारी ती एकटीच होती. डॉक्टराने मेख मारून पाप केले. शेवट चुकीचा."

झालं. तेराव्यापासून पुढे जो तो आधी बारावा चौकोन वाचायचा आणि मग पुस्तक. चौदावा: "बारा नंबरशी सहमत." पंधरावा: "बिचाऱ्याचे हाल वाचवले नाहीत." सोळाव्याने, तो बँकेत होता, विचारलं, "डॉक्टरवर खुनाचा गुन्हा का नाही?" सतरावी एक लग्नाची मुलगी होती. तिने लिहिलं, "डॉक्टरपेक्षा भाटकार बरा. निदान रोज घरी येतो." मानसशास्त्रीय भाग, ज्यावर मी अख्खा श्रावण घालवला, त्याची एका ओळीत वाट लागली. माझी नायिका आता वेडी नव्हती, गावातली एकटी समजूतदार बाई होती.

मी बायला सांगून पाहिलं. "हे देवचाराचं पुस्तक नव्हे गो. हा वेगळा प्रकार आहे. परदेशात असे असतात."

"परदेशात ताका मान दिलो ना म्हणून तो आमगेर आयलो. आता हांगाय तेंच?"

इथेही तेच, म्हणे. मी ट्रंकेचं झाकण लावलं.

एकदा पेडण्याच्या बसमध्ये कंडक्टर, तोही माझा वाचक, एकोणिसाव्या चौकोनाचा धनी, माझ्या शेजारी टेकला. "सड्यावरच्या वळणावर हल्ली ड्रायव्हर गाडी हळू करतो, पाहिलंत?"

"खड्डा आहे म्हणून."

"खड्डा बुजवला. त्या पायऱ्यांवर कुणी कुणी रोट ठेवतात. ड्रायव्हर जाता जाता विडी टाकतो. म्हणतो, आतापर्यंत उपाशी होता, आपल्याला काय माहीत."

मी वळणावरच उतरलो. दुपारचे बारा वाजले होते. सडा तापलेला, दूर काजूची झाडं, माणूस कुठे नाही. जोत्याजवळ गेलो तर तिसऱ्या पायरीवर केळीच्या पानावर रोट होता, शेजारी चार विड्या, एक अंडं, बाटलीच्या बुचात थोडी दारू. रोटाला हात लावून पाहिला. ऊन होता. उन्हाने असेल. पण मला वाटलं की आत्ताच कुणीतरी ठेवून गेलं आहे, आणि ज्याच्यासाठी ठेवलं तो अजून उठलेला नाही, कारण अजून दिवस आहे.

त्याला मी मारलं होतं. दोनशे बाराव्या पानावर, खैराच्या मेखेने, त्याचं काही ऐकून न घेता.

माझ्या पिशवीत पोदेराकडून घेतलेले दोन पाव होते, दुपारच्या जेवणाचे. ते मी पानाच्या कडेला ठेवले. तोंडाने काय पुटपुटलो ते सांगत नाही. मग पुढच्या बसची वाट न पाहता पेडण्यापर्यंत चालत गेलो, आणि बराच वेळ मागे वळून पाहिलं नाही.

गोवा राज्य झालं तेव्हा माझ्याकडे चोवीस अभिप्राय जमले होते. बाजारात पेढे वाटत होते, लोक भेटून अभिनंदन करत होते, आणि मी चोवीस चौकोन वरून खाली आणि खालून वर वाचत होतो. 'भीती' हा शब्द कुठेही नव्हता. 'कीव' होता, 'पाप' होता, 'कूळकायदा' होता. एक चौकोन राहिला होता.

मी बायकडे गेलो. गुरुवार नव्हता तरी गेलो. तिच्या बालवाडीच्या पडवीत, मुलं घरी गेल्यावर, एका बुटक्या बाकावर गुडघे कानाला लावून बसलो.

"बाय, सड्यावर रोट कोण ठेवतं?"

"खूप जाण दवरतात. हांवय."

"म्हणजे भीती वाटते! भीती वाटल्याशिवाय कोण रोट ठेवेल? मग तसं लिही. दोन शब्द. पंचविसावा चौकोन तुझा."

"भियेवन दिना रे आमी. मान तो मान. तुज्या घरा सोयरो आयलो जाल्यार तूं ताका भियेवन च्या दिता?"

मी अट मोडली. आणखी काय करणार होतो? "बाय, ते पुस्तक माझं आहे."

तिने जराही आश्चर्य दाखवलं नाही. "तें आमका सगळ्यांक खबर आसा. दुसऱ्या पुस्तकाक गाळी दिल्यार तूं हांसता. ह्या पुस्तकाक दिल्यार तुजे कान तांबडे जातात."

म्हणजे चोवीस जण सगळं कळून लिहीत होते! माझ्या तोंडावर! मी उभा राहिलो, डोकं पडवीच्या वाशावर आपटलं, परत बसलो. मग शेवटी जी विद्या येते तीच काढली.

"बरं. सौदा करू. मी शेवट बदलतो. मेख नाही. तू लिही, भीती वाटली."

ती नीट सावरून बसली. तिलाही घासाघीस आवडते हे मला तेव्हा दिसलं.

"मेख ना, तें बरें. पुण कोंबो?"

"कोंबडा नाही. डॉक्टर शिकलेला आहे, कोंबडा देणार नाही."

"मागीर सोरो."

"दारू नाही. रोट देईल."

"रोट आनी विड्यो. आनी डॉक्टराने स्वता व्हरूंक जाय, नोकराच्या हातान ना."

"विड्या दोन."

"चार."

"तीन. आणि डॉक्टर पायऱ्यांच्या खाली ठेवेल, वर चढणार नाही."

"बायल वयर चडटली," ती म्हणाली. मी मान्य केलं. खरं सांगतो, बायकोने पायऱ्या चढून पान ठेवायचं हे ऐकल्यावर मला तो शेवट दिसला, आणि माझ्या मेखेपेक्षा तो बरा होता. अजून कुणापाशी कबूल केलेलं नाही.

"झालं," मी म्हणालो आणि पेन पुढे केलं. "लिही आता."

तिने पेन घेतलं नाही. "तूं शेवट बदल. बरें जातलें. पुण म्हाका भंय दिसलें ना. दिसूंक नासलें तें कशें बरोवचें? फट ती फट."

"खोटं लिहायचं नव्हतं, तर मग इतका वेळ घासाघीस कशाला केलीस?"

"पुस्तकाखातीर," ती म्हणाली.

मी तिथून काय बोलून निघालो ते छापण्यासारखं नाही. घरी येऊन दोन दिवस जेवणावर राग काढला. तिसऱ्या दिवशी पंचविसाव्या चौकोनात मी स्वतः लिहिलं, माझ्याच अक्षरात, अक्षर न बदलता: "भीती वाटली."

बेळगावला प्रकाशकाने कागद वाचायला घेतला. सतराव्या चौकोनाला त्याने चष्मा काढून डोळे पुसले, हसून हसून. आतल्या खोलीतल्या माणसाला हाक मारून बारावा मोठ्याने वाचून दाखवला. मग पंचविसाव्यावर थांबला.

"हे अक्षर मी ओळखतो. दर महिन्याला यातली पत्रं मला येतात, गठ्ठ्यात एक पुस्तक कमी आलं म्हणून."

"असेल."

"गोवेकर, हे तुम्ही लिहिलंत."

"लेखकाचा अभिप्राय चालणार नाही असं ठरलं नव्हतं. पंचवीस चौकोन, एकाला भीती. मोजून घ्या."

"पण हे खोटं आहे ना!"

"खोटं नाही."

मी सड्याचं, पावांचं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित त्याने छापलं असतं. पण माझी भीती दाखवून सौदा पुरा करायचा, हे मला जमलं नाही. त्याने बाड माझ्याकडे सरकवलं.

"घाबरायला हवा तो वाचक, आणि घाबरलाय तो लेखक," तो म्हणाला. "नाही छापता येत."

मी बाड उचललं, टेबलावरचा कागदही ओढून घेतला, आणि त्याच्या छापखान्याबद्दल, मुखपृष्ठांबद्दल, गठ्ठ्यात नेहमी कमी येणाऱ्या एका पुस्तकाबद्दल जे मनात साठलं होतं ते पायऱ्या उतरेपर्यंत मोठ्याने सांगितलं. त्यानंतर पुस्तकं मी कोल्हापूरहून आणू लागलो.

शेवट मी बदलला. रोट आहे, तीन विड्या आहेत, बायको पायऱ्या चढते. टाइप केलेली ती एकच प्रत दुकानात ठेवली आणि अभिप्रायाचा कागद मागे चिकटवला, पंचविसाव्या चौकोनासकट, कारण लपवायचं तरी कुणापासून? लोकांनी पुस्तक पुन्हा वाचलं. शिक्क्याचे चौकोन संपले तरी काहींनी खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं. सव्विसावा मास्तरांचा होता, लाल पेनात:

"शेवट सुधारला. सहा गुण. क्र. पंचवीस यांना भीती का वाटली याचे कारण नमूद केलेले नाही. कारण दिले असते तर सात देता आले असते."

मी कारण लिहायला बसलो होतो. दोनदा लिहून खोडलं. तोवर मास्तर आजारी पडले, मुलाकडे वास्कोला गेले आणि तिथेच वारले. तो एक गुण आणि त्यावरचं भांडण, दोन्ही राहून गेलं.